लांबचा देव आणि पावतीपुस्तक

"तुझा आणि त्या टीमचा संबंध काय?"

परदेशातल्या फुटबॉल क्लबवर जीव टाकणाऱ्या माणसाला हा प्रश्न शंभरदा तरी ऐकावा लागतो. घरात आई विचारते, ऑफिसातले क्रिकेटवाले विचारतात, आणि कधी त्या क्लबच्या गावी जायचा योग आलाच तर तिथला टॅक्सीवालाही विचारतो. सूर सगळ्यांचा एकच. गाव तुमचं नाही, भाषा तुमची नाही, मैदान तुम्ही टीव्हीवरच पाहिलंय, मग हे प्रेम खरं कसं?

मला या प्रश्नाची गंमत वाटते. निदान मराठी माणसाने तरी तो विचारू नये. आपल्याकडे चार पिढ्या गिरगावात काढलेल्या घराचं कुलदैवत गोव्यात मंगेशीला असतं, पुण्यातल्या घराचं तुळजापूरला. वर्षातून एकदा जाणं होतं, काही घरांत तर लग्नकार्य झालं तरच. पण "तुम्ही तुळजापुरात राहत नाही, मग भवानी तुमची कशी?" असं कोणी कोणाला विचारल्याचं ऐकलंय? देव लांब असणं ही आपल्याकडे अगदी नेहमीची गोष्ट आहे. फक्त त्याचे काही नियम आहेत. कुळाचार पाळावा लागतो आणि वर्गणी द्यावी लागते.

तर आजचा विषय हाच. लांबच्या टीमचं मंडळ कसं उभं राहतं, आणि ते उभं राहिल्यावर त्याचा त्या टीमवर काही हक्क असतो का? यातलं माझं मत थोडं हट्टी आहे, म्हणून आधी उदाहरण सांगतो. उदाहरण नॉर्वेचं. कामानिमित्त काही वर्षं ऑस्लोत काढली, तेव्हा हे प्रकरण जवळून बघायला मिळालं. लांबच्या टीमवरच्या प्रेमाचा इतका जुना, व्यवस्थित आणि कागदोपत्री संसार मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

सुरुवात हवामानापासून करावी लागेल. नॉर्वेतला फुटबॉल वसंतात सुरू होतो आणि हिवाळा आला की थांबतो. मैदानावर बर्फ, आणि डिसेंबरात ऑस्लोत दुपारी साडेतीनच्या आत अंधार. वर उत्तरेला ट्रॉम्सोमध्ये तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. अशा वेळी कसला आलाय फुटबॉल? लोक स्की बांधून जंगलात जातात, नाहीतर घरात बसतात.

आता दुसरी गोष्ट. नॉर्वेत 'नॉर्स्क टिपिंग' नावाची सरकारी कंपनी आहे. तिची स्थापना १९४६ची, आणि १९४८पासून तिचं फुटबॉलचं कुपन सुरू झालं. कुपनावर बारा सामने. प्रत्येकापुढे खूण करायची: यजमान जिंकणार, पाहुणे जिंकणार की बरोबरी. बाराही बरोबर आले तर बक्षीस. नफा जायचा खेळांना आणि विज्ञान संशोधनाला, त्यामुळे एरवी जुगाराला नाक मुरडणारी सज्जन मंडळीही आठवड्याला एक कुपन भरत. पण हिवाळ्यात देशात सामनेच नाहीत, तर कुपनावर छापायचं काय? म्हणून इंग्लंडचे सामने छापले गेले. इंग्लंडचा लीग फुटबॉल हिवाळाभर चालतो, चिखलात, पावसात, धुक्यात.

याचा परिणाम बघा. ज्या माणसाने उभ्या जन्मात नॉर्वेबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, त्याला कॉव्हेन्ट्री आणि स्टोक ही नावं पाठ होती. स्टोक घरच्या मैदानावर कशी खेळते आणि बाहेर गेली की कशी ढेपाळते, यावर तो चहाच्या... चुकलो, कॉफीच्या टपरीवर वाद घालू शकत होता :) हे प्रेम नव्हतं हे मान्य. हिशोब होता. पण ओळख ही अशीच होते. आपणही शेजारच्या माणसाला आधी दिवे गेले की "तुमच्याकडे आहेत का?" एवढंच विचारतो, घरोबा नंतर होतो.

मग आली २९ नोव्हेंबर १९६९ची दुपार. त्या दिवशी स्कँडिनेव्हियातल्या टीव्हीवर इंग्लिश लीगचा सामना थेट दाखवायला सुरुवात झाली. पहिला सामना वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स विरुद्ध संडरलंड. निकाल १-०, वुल्व्हज जिंकले. नॉर्वेत या कार्यक्रमाला नाव पडलं 'टिप्पेकाम्पेन', म्हणजे कुपनावरचा सामना. स्वीडनमध्ये तोच प्रकार 'टिप्सएक्स्ट्रा' या नावाने चालला. दर शनिवारी एक सामना, हिवाळाभर.

इथे दोनतीन तपशील सांगितल्याशिवाय या शनिवारचं वजन कळणार नाही. नॉर्वेत तेव्हा टीव्हीची एकच वाहिनी होती, सरकारी 'एनआरके'. दुसरी देशव्यापी वाहिनी यायला १९९२ उजाडलं. १९७०च्या सुमारास देशाची लोकसंख्या होती ३९ लाखांच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या मुंबईपेक्षाही कमी. एवढासा देश, एक वाहिनी, बाहेर काळोख आणि बर्फ. आपल्याकडे रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा रस्ते कसे ओस पडायचे, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

दुसरा तपशील मला फार आवडतो. हा सामना खुद्द इंग्लंडला दिसत नव्हता! शनिवारी दुपारी सामना टीव्हीवर दाखवला तर लोक मैदानावर येणार नाहीत आणि छोटे क्लब मरतील, अशी भीती बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी १९६०च्या दशकात लावून धरली आणि ती मान्य झाली. शनिवार दुपारची ती बंदी इंग्लंडमध्ये अजून आहे. लीगचे सामने नियमितपणे थेट दाखवायला इंग्लंडमध्ये सुरुवात झाली ती १९८३मध्ये. म्हणजे १४ वर्षं बर्गनचा कोळी दर शनिवारी इंग्लिश लीगचा सामना घरबसल्या थेट बघत होता आणि बर्मिंगहॅमचा कामगार रात्री उशिरा त्यातले निवडक तुकडे बघत होता. लांबचा कोण आणि जवळचा कोण, हे इतकं सरळ नसतं.

आणि तिसरा तपशील, चित्र काळं-पांढरं होतं. नॉर्वेत रंगीत टीव्ही नियमित झाला १९७२मध्ये. वुल्व्हजचा तो प्रसिद्ध सोनेरी शर्ट त्या पहिल्या दुपारी करड्या रंगाचाच दिसला असणार. ज्या टीमचा रंगही दिसत नाही तिच्यावर लोकांचा जीव जडला. आज क्लबांच्या ब्रँडबद्दल, जर्सीच्या विक्रीबद्दल जे बोललं जातं ते ऐकताना मला हे हटकून आठवतं.

आता माझा मुद्दा. एवढ्याने मंडळ तयार होत नाही. प्रेक्षक तयार होतो, आणि प्रेक्षक वेगळा, मंडळ वेगळं. प्रेक्षकाला खुर्ची लागते, मंडळाला चिटणीस लागतो. 'टिप्पेकाम्पेन' सुरू झाल्यानंतर दहा-बारा वर्षं नॉर्वेत लाखो प्रेक्षक होते, आवडीनिवडी होत्या, शाळेत पोरांच्या लीड्सवाले आणि लिव्हरपूलवाले अशा मारामाऱ्या होत्या, पण कागदावर फारसं काही नव्हतं. खरी मंडळं उभी राहिली ती १९८०च्या दशकात. मँचेस्टर युनायटेडच्या समर्थकांची स्कँडिनेव्हियन शाखा १९८१ची. लिव्हरपूल, लीड्स आणि इतरांचीही मंडळं आली. १९८५मध्ये तर या सगळ्या मंडळांचा मिळून एक संघ झाला, ब्रिटिश फुटबॉलच्या समर्थकांचा नॉर्वेजियन महासंघ म्हणा ना. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या टीम्सचे लोक एका टेबलाशी बसून इतिवृत्त लिहितात, हे फक्त नॉर्वेतच होऊ शकतं. (आणि आपल्याकडे गणेशोत्सवात, विसर्जनाच्या क्रमावरून भांडण होईपर्यंत.)

या मंडळांनी केलं काय? अगदी कंटाळवाणी कामं. सभासदांची यादी ठेवली. वर्गणी गोळा केली. अंक काढला, तो टाइप केला, पाकिटात घातला, तिकीट चिकटवून पोस्टात टाकला. इंग्लंडच्या क्लबला पत्रं लिहिली की आमचे इतके लोक येताहेत, इतकी तिकिटं द्या. प्रवास ठरवला. तेव्हा विमान परवडत नसे, बर्गन आणि स्टाव्हांगरहून न्यूकॅसलला बोट जायची. अख्खी रात्र उत्तर समुद्रात हेलकावे खात जायचं, तिथून रेल्वेने किंवा बसने पुढे, नव्वद मिनिटं सामना बघायचा आणि तसंच परत. ती बोट २००८मध्ये बंद झाली. ज्यांनी तो प्रवास केला ते अजून त्याबद्दल वारी केलेल्या माणसासारखं बोलतात: पायाला आलेले फोड आधी, दर्शन नंतर.

आणि काळ कसला होता तोही बघा. २९ मे १९८५ला ब्रुसेल्सच्या हेझल मैदानावर युरोपियन कपच्या अंतिम सामन्याआधी लिव्हरपूलच्या समर्थकांनी केलेल्या हल्ल्यानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली, त्यात बहुतेक इटालियन. इंग्लिश क्लबांना युरोपातल्या स्पर्धांमधून बाहेर काढलं गेलं, ते १९९०पर्यंत. इंग्लंडमधली मैदानं जुनी, पडकी, रिकामी होत चाललेली. इंग्लिश फुटबॉल म्हणजे दंगा, अशी जगभर ख्याती. १९८९च्या १५ एप्रिलला हिल्सबरोच्या मैदानात चेंगरून जखमी झालेले लिव्हरपूलचे ९७ समर्थक गेले, आणि दोष त्यांच्यावरच ढकलला गेला. तो त्यांचा नव्हता हे चौकशीच्या ज्यूरीने सांगायला २०१६ साल उजाडलं. मिरवावं असं त्या दशकात काही नव्हतं. नॉर्वेतली मंडळं नेमकी याच काळात वाढली. नुसत्या झगमगाटाने लोक खेचले जातात असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

दुसरं एक उत्तर हमखास मिळतं: "नॉर्वेचे खेळाडू तिकडे गेले म्हणून लोक गेले." क्रम उलटा आहे. आइनार आस १९८१मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला, गोलकीपर एरिक टोरस्टव्हेट त्या दशकाच्या अगदी शेवटी टॉटनहॅमला. खरा लोंढा १९९०च्या दशकात गेला. ओले गुन्नार सोल्शार मँचेस्टर युनायटेडला आला १९९६मध्ये, आणि २६ मे १९९९ला बार्सिलोनात बायर्नविरुद्ध जादा मिनिटांत त्याने तो गोल मारला तेव्हा युनायटेडची स्कँडिनेव्हियन शाखा १८ वर्षांची, म्हणजे चांगली सज्ञान झाली होती. मला तर वाटतं की शनिवारच्या त्या दुपारी टीव्हीसमोर फतकल मारून बसलेल्या पोरांपैकीच काही पुढे खेळाडू झाले.

म्हणून कोणी असं समजू नये की नॉर्वेवाले इंग्रजांचे मिंधे झाले. ९ सप्टेंबर १९८१ला ऑस्लोच्या उलेव्हाल मैदानावर वर्ल्ड कपच्या पात्रता सामन्यात नॉर्वेने इंग्लंडला २-१ हरवलं. सामना संपल्यावर समालोचक ब्योर्गे लिलेलीन यांनी आनंदाच्या भरात इंग्लंडच्या थोर माणसांची यादीच घेतली, नेल्सन, चर्चिलपासून मार्गारेट थॅचरपर्यंत, आणि एकेकाला हाक मारून तुमच्या पोरांना आम्ही बदडलं असं ऐकवलं. फुटबॉलच्या समालोचनातला तो सगळ्यात गाजलेला तुकडा असावा. दर शनिवारी इंग्लंडचा सामना भक्तिभावाने बघणारा देश त्या रात्री नाचत होता. क्लबवर प्रेम करणं आणि त्या देशाची तळी उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

माझा तिथला एक सहकारी वुल्व्हजचा. (हो, अजूनही. अशा माणसांचं मला फार कौतुक वाटतं.) त्याच्या आजोबांनी कुपन भरायला सुरुवात केली, वडील सभासद झाले, आणि याचं नाव तो शाळेत जायच्या आत यादीत चढलं होतं. मी त्याला तोच आपला प्रश्न विचारला, तुझा काय संबंध? तो म्हणाला, "आजोबांचा होता." बस. त्याला पुढे काही सांगण्यासारखं वाटलं नाही, आणि मलाही विचारण्यासारखं उरलं नाही. पहिल्या पिढीने जे निवडलं ते तिसऱ्या पिढीला वारसाने मिळालं. कुलदैवतं तरी दुसरी कशी ठरली असतील? कधीतरी कोणीतरी पूर्वज तिथून उठून इथे आला, किंवा इथून उठून तिथे नवस बोलायला गेला.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते खरे आहेत.

पहिला आक्षेप घरच्या फुटबॉलचा. लांबच्या देवाला सोन्याचा मुकुट आणि गावचा मारुती उघडा, असं होतं का? होतं, काही प्रमाणात नक्की होतं. पण हे एवढंच आहे असं मला वाटत नाही. बोडो/ग्लिम्ट हा आर्क्टिक वृत्ताच्या वरच्या गावचा क्लब. त्याचं मैदान आठ-साडेआठ हजारांचं. त्याने २०२१मध्ये रोमाला ६-१ हरवलं आणि २०२५मध्ये तो युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत पोचला. समोर कोण? टॉटनहॅम. बोडोतल्या टॉटनहॅमच्या सभासदाने त्या आठवड्यात काय केलं असेल, याचा मी बराच विचार केला आहे. (टॉटनहॅम दोन्ही सामने जिंकलं, म्हणजे त्याला निदान एक दुःख आणि एक आनंद तरी मिळाला.) आपल्या कोल्हापूरचंच बघा ना. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार... टीम कुठली हे तालमीवरून, गल्लीवरून ठरतं, शाहू स्टेडियमवर त्यासाठी डोकी फुटायची वेळ येते. आणि वर्ल्ड कप आला की त्याच गल्ल्यांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक लागतात. एका प्रेमाने दुसरं आटतंच असं नाही. ज्याला टीमसाठी रडायची सवय आहे तो दोन ठिकाणी रडू शकतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो त्या गावच्या माणसाचा आहे. मैदानात जागा मोजक्या. नॉर्वेहून आलेला माणूस विमान, हॉटेल आणि तिकीट असं सगळं मिळून घसघशीत पैसे मोजतो. क्लबच्या मालकाला हे दिसतं. मग पुढच्या वर्षी तिकीट वाढतं, आणि तीन गल्ल्या पलीकडे राहणारा, ज्याचे वडील त्याला खांद्यावर बसवून घेऊन यायचे, तो दाराबाहेर राहतो. ६ फेब्रुवारी २०१६ला लिव्हरपूलच्या मैदानावर काय झालं आठवा. ७७ पौंडांचं तिकीट जाहीर झालं होतं. सामन्याच्या ७७व्या मिनिटाला हजारो लोक उठून निघून गेले. टीम तेव्हा संडरलंडविरुद्ध २-०ने पुढे होती. सामना संपला २-२. काही दिवसांत मालकांनी ती दरवाढ मागे घेतली.

त्या दिवशी लांबून आलेला सभासद तिथे असेल, तर त्याने काय करायला हवं होतं? मोठा खर्च करून आलाय, आयुष्यातला कदाचित एकच सामना. माझं मत स्पष्ट आहे. त्याने उठायला हवं होतं. सोपं नाही, कबूल. पण सभासद म्हणवून घ्यायचं असेल तर त्या गावच्या माणसाचं दुखणं आपलं दुखणं असायला हवं. लिव्हरपूलचा सभासद आहेस? मग १५ एप्रिलला त्या गावात काय असतं आणि एका विशिष्ट वर्तमानपत्राला तिथले लोक हात का लावत नाहीत हे तुला माहीत पाहिजे. युनायटेडचा आहेस? मग ६ फेब्रुवारी १९५८ला म्युनिकच्या धावपट्टीवर गेलेल्या २३ जणांची आठवण तुझ्या घरातही निघायला हवी. कुळाचार म्हणतात तो हा.

हे सगळं मी आत्ता का लिहितोय? कारण क्लबांचे मालक आता आमच्या-तुमच्या नावाने बोलायला लागले आहेत. २००८मध्ये प्रीमियर लीगने एक जादा फेरी परदेशात खेळवायची कल्पना काढली, ती लोकांनी हाणून पाडली. १८ एप्रिल २०२१ला युरोपातल्या १२ बड्या क्लबांनी स्वतःची वेगळी 'सुपर लीग' जाहीर केली, त्यात इंग्लंडचे सहा. तेव्हा बातम्यांत आलं होतं की आतल्या गोटात गावच्या समर्थकांना 'परंपरागत' म्हणतात आणि परदेशातल्या आपल्यासारख्यांना 'भविष्यातले'. रेआल माद्रिदचे अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझ टीव्हीवर म्हणाले की तरुणांना सामने फार लांबतात असं वाटत असेल तर ते छोटे करू. दोन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब माघारी फिरले, रस्त्यावर उतरलेल्या गावकऱ्यांच्या भीतीने. २०२५मध्ये पुन्हा स्पेनच्या लीगने व्हियारेआल-बार्सिलोना सामना मायामीत न्यायचा घाट घातला, तोही खेळाडूंच्या आणि समर्थकांच्या विरोधानंतर रद्द झाला. पण हे थांबणार नाही. प्रीमियर लीगला २०२२पासूनच्या करारांत परदेशातल्या प्रक्षेपणाचे पैसे देशातल्यापेक्षा जास्त मिळायला लागले. पैसा जिथून येतो तिकडे देव हलवायचा मोह पुजाऱ्याला होणारच.

मालकांचा युक्तिवाद असा: लांबच्या माणसाला गावाशी काय देणंघेणं? त्याला बडी नावं हवीत, दर आठवड्याला बडा सामना हवा, जमलं तर त्याच्या शहरात येऊन खेळलेला हवा. नॉर्वेचा इतिहास याला साफ खोटं ठरवतो. तिथली पहिली दुपार होती वुल्व्हज-संडरलंड, १-०, काळ्या-पांढऱ्या चित्रात. लोक भाळले ते याच्यावर. लांबच्या, धुरकट, आपल्या नसलेल्या एका गावात वीस-तीस हजार माणसं दर शनिवारी पावसात उभी राहतात, त्यांना असं काय मिळतं, हे कुतूहल होतं. तो सामना ऑस्लोत येऊन खेळला असता तर बघायला गेले असते, टाळ्या वाजवल्या असत्या आणि विसरले असते. विठोबा पुण्यात आणून ठेवला तर वारीला कोण जाईल?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की लांबच्या समर्थकाचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. प्रेक्षक आणि सभासद. प्रेक्षक असण्यात काहीच कमीपणा नाही, मी बहुतेक टीम्सचा प्रेक्षकच आहे. पण मालक मोजतात ते प्रेक्षक, आणि बोलतात मात्र सगळ्यांच्या वतीने. त्याला उत्तर द्यायचं तर ते सभासदांनीच द्यायला हवं. आम्ही आहोत, आमची यादी आहे, आमचा चिटणीस आहे, आणि आम्हाला तुमचा सामना आमच्या शहरात नको, तुमच्याच गावात, शनिवारी, गावच्या माणसाला परवडेल अशा तिकिटात हवा. नॉर्वेतल्या लिव्हरपूल आणि युनायटेडच्या मंडळांचे सभासद दहा-दहा हजारांच्या कितीतरी पुढे गेले आहेत. इतक्या लोकांनी सह्या करून पत्र पाठवलं तर मालकाला ते बाजूला ठेवणं जड जातं. टीव्हीसमोरच्या दहा कोटींना पत्र लिहिता येत नाही.

मुंबई-पुण्यातही आता अशी मंडळं आहेत, काही क्लबांची तर अधिकृत. आपल्याकडे शनिवारचा तीनचा सामना रात्री साडेआठला लागतो (उन्हाळ्यात साडेसातला), पोरं एखाद्या हॉटेलात जमतात, गाणी म्हणतात, घसा बसवून घेतात. मला हे आवडतं. त्यांना कोणी "ढोंगी" म्हटलं की मी त्यांच्या बाजूने भांडतो. पण एक सांगावंसं वाटतं, मोठा भाऊ म्हणून म्हणा. जर्सी कोणीही विकत घेतं. तुमच्यातला एक जण वही घेऊन बसतो का? नवीन आलेल्या पोराचं नाव लिहून घेतो का? हंगाम वाईट गेला, टीम खालच्या लीगमध्ये घसरली, तर पुढच्या ऑगस्टमध्ये हॉटेलात किती जण येतील हे त्याला सांगता येईल का?

नॉर्वेत वुल्व्हज घसरले तेव्हाही लोकांनी वर्गणी भरली. १९८०च्या दशकात ती टीम तीन वर्षांत तीन पायऱ्या उतरून चौथ्या विभागात जाऊन पडली होती. माझ्या सहकाऱ्याचे वडील सांगत, त्या वर्षांत टीव्हीवर सामना दिसायची आशाच नव्हती, निकाल पेपरात बारीक अक्षरांत यायचा आणि तो शोधायला चष्मा लागायचा. पण पावती वेळेवर फाडली जायची.

असो. पुढच्या वेळी कोणी विचारलं, "तुझा आणि त्या टीमचा संबंध काय?", तर चिडू नका. पावती दाखवा. नसेल, तर आधी ती फाडा.